हरलेल्याला पटेल असा निकाल

फोटो स्पर्धेचा निकाल लागला की ग्रुपवर पहिले दोन तास नुसता अभिनंदनाचा पाऊस पडतो. खरी चर्चा तिसऱ्या तासाला सुरू होते, आणि ती ग्रुपवर नव्हे, खासगी चॅटवर. 'ॲडमिन तिची मावसबहीण आहे ना?' 'त्याने अख्खं ऑफिस ग्रुपात आणलं, लाईक मिळवले, आता बघ, आठवड्याभरात सगळे बाहेर पडतील.' 'हा फोटो मी आधी कुठेतरी पाहिलाय.' पुढच्या वर्षी प्रवेशिका निम्म्यावर येतात आणि आयोजक म्हणतात, लोकांत पूर्वीसारखा उत्साहच राहिला नाही.

स्पर्धा न्याय्य झाली की नाही हे जिंकलेल्याला विचारण्यात अर्थ नाही. त्याला ती न्याय्यच वाटणार. विचारायचं ते पहिल्या चाळणीत गळालेल्याला. फोटो का मागे पडला ते कळलं का? पुढच्या वेळी पाठवणार का? दोन्हीला 'हो' आलं तर स्पर्धा नीट झाली, मग पहिला आलेला फोटो तुम्हाआम्हाला आवडो न आवडो. सर्वोत्कृष्ट फोटो शोधून काढणं तसंही कुणाच्या हातात नसतं. धरणाच्या पाण्यातलं डोंगराचं प्रतिबिंब भारी की भाजीवालीच्या हातावरच्या सुरकुत्या, याला उत्तर नाही. हरलेल्याला आपली फसवणूक झाली असं वाटू न देणं मात्र पूर्णपणे आयोजकांच्या हातात असतं, आणि त्याचा बराचसा निकाल स्पर्धेची घोषणा होण्याआधीच लागलेला असतो.

लाईकपासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथे आहे. 'ज्या फोटोला सर्वाधिक लाईक, तो विजेता' हा नियम आयोजकांना फार सोयीचा. परीक्षक शोधायला नकोत, कुणाशी वाईटपणा घ्यायला नको, वर 'लोकांनीच ठरवलं' म्हणायची मुभा. ग्रुपची सदस्यसंख्या वाढते, हा जोडधंदाही सगळ्यांना ठाऊक असतो. पण लाईक मोजून मोजलं काय जातं? कुणाचा गोतावळा मोठा आणि कुणाला मागायला संकोच कमी, एवढंच. 'भाचीच्या रांगोळीला लाईक करा, लिंक खाली आहे' असा मेसेज आला की आपण रांगोळी नीट न बघताच अंगठा देऊन मोकळे होतो. मीही देते. त्यात गैर काही नाही, तो नात्यातला लोभ आहे. फक्त त्याला परीक्षण म्हणू नये.

बरं, प्रत्येकाने अगदी प्रामाणिकपणे फोटो बघूनच लाईक दिला असं धरलं, तरी आकडा उघडा असेल तर व्हायचा तो घोळ होतोच. २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चौदा हजारांहून जास्त लोकांपुढे त्यांनी अनोळखी बँडांची ४८ गाणी ठेवली. काहींना नुसती गाणी दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत टाकलं होतं आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती वेळा डाउनलोड झालं तो आकडा त्यांना दिसत होता. आकडा दिसल्याबरोबर लोक आधीच्यांच्या मागे गेले; वरची गाणी आणखी वर गेली, खालची आणखी खाली. आणि कुठली गाणी वर जाणार हे गटागटाला बदललं. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा वर आली नाहीत, पण मधल्यांच्या नशिबी काहीही येऊ शकत होतं. आपल्या स्पर्धांतले बहुतेक फोटो या मधल्यांतलेच असतात. पहिल्या दिवशी सकाळी टाकलेला बरा फोटो आणि शेवटच्या रात्री टाकलेला तितकाच बरा फोटो यांची शर्यत सुरू होण्याआधीच संपलेली असते.

यावर कुणी म्हणेल, मग सामान्य सदस्याला काही किंमतच नाही का? आहे, पण तिची जागा वेगळी असावी. 'सदस्यांची पसंती' असं स्वतंत्र बक्षीस ठेवा. मतदान गुप्त ठेवा, आकडे शेवटपर्यंत झाका, प्रत्येकाला फोटो वेगवेगळ्या क्रमाने दिसतील असं बघा, स्पर्धा जाहीर होण्याआधी जे सदस्य होते त्यांनाच मत द्या, आणि एकाच फोटोला मत देऊन पळता येऊ नये म्हणून किमान पाच फोटो निवडायला लावा. भाचीची रांगोळी त्या पाचात येईलच. उरलेल्या चार जागांसाठी तरी माणसाला बाकीचे फोटो बघावे लागतील.

मुख्य निकाल परीक्षकांनीच द्यावा असं माझं मत आहे, आणि परीक्षकांची नावं घोषणेतच असावीत. प्रवेशिका आल्यावर नेमलेला परीक्षक कितीही निःस्पृह असला तरी त्याच्या नेमणुकीमागे काहीतरी शिजलं असं लोकांना वाटणारच. प्रवेशिका गोळा करणारा माणूस वेगळा हवा. त्याने फोटोंना क्रमांक द्यावेत, फाइलींची नावं बदलावीत, कोपऱ्यातली सही असेल तर फोटो परत पाठवावा आणि स्वतः परीक्षणात तोंड घालू नये. फोटोसोबतचा मजकूरही झाकावा लागतो. 'लेकीचा पहिला ट्रेक, राजगड' असं खाली लिहिलेलं असलं की ज्याला लेक कुणाची ते कळायचं त्याला कळतंच. लहान ग्रुपात एवढं करूनही ओळख लपत नाही. कुणाचं धुकं कसं असतं, कुणाची मांजर कुठली, हे सगळ्यांना पाठ असतं. अशा वेळी परीक्षकाने 'हा फोटो मला ओळखीचा आहे' म्हणून त्या एका फोटोपुरतं बाजूला व्हायचं. यात कमीपणा नाही.

गुण देण्याच्या पद्धतीकडे कुणी फारसं लक्ष देत नाही, पण निकाल तिथे फिरतो. समजा तीन परीक्षक आहेत आणि दहापैकी गुण द्यायचे आहेत. पहिल्या दोघांचा हात आखडता. ते पहिल्या फोटोला सात देतात, दुसऱ्याला सहा. तिसरे गृहस्थ दिलदार आणि तितकेच तिखट. ते पहिल्याला दोन देतात, दुसऱ्याला दहा. बेरीज केली तर पहिला फोटो सोळावर, दुसरा बावीसवर. तिघांपैकी दोघांना जो फोटो सरस वाटला तो हरला, आणि तोही चांगला सहा गुणांनी. तिसऱ्या गृहस्थांनी लबाडी केली असंही नाही, त्यांचा स्वभावच तसा. पण स्पर्धा एकट्याने ठरवली गेली. म्हणून गुण मागण्याऐवजी क्रम मागावा: तुमचा पहिला, दुसरा, तिसरा, असे दहापर्यंत सांगा. क्रमाच्या बेरजेलाही फाटे आहेत, मतमोजणीच्या शास्त्रात त्यावर दोनशे वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे, पण निदान एका परीक्षकाचा सढळ हात बाकीच्या दोघांना पुसून टाकत नाही.

हे सगळं मोठ्या प्रमाणावर चालवता येतं याचं माझ्या माहितीतलं उत्तम उदाहरण म्हणजे विकिपीडियावाल्यांची 'विकी लव्हज मॉन्युमेंट्स' ही स्पर्धा. २०१० साली नेदरलँड्समध्ये सुरू झाली, दुसऱ्या वर्षी युरोपभर गेली, २०१२ साली भारतही तिच्यात आला. नियम मोजके आणि आधी सांगितलेले: फोटो स्वतः काढलेला हवा, वारसावास्तूचा हवा, सप्टेंबरात चढवलेला हवा, काढलेला कधीचाही चालेल. त्या शेवटच्या अटीत केवढा समजूतदारपणा आहे बघा. सप्टेंबरात गडावर जायला ज्याला सुट्टी मिळत नाही, त्याने जानेवारीत काढलेला फोटोही चालतो. प्रत्येक देशातले परीक्षक जास्तीत जास्त दहा फोटो निवडून पुढे पाठवतात आणि आंतरराष्ट्रीय परीक्षकांचं मंडळ त्यातून विजेते ठरवतं. २०१७ साली जगात पहिला आलेला फोटो जेजुरीच्या खंडोबाच्या देवळातल्या भंडाऱ्याच्या उधळणीचा होता. त्या मंडळातल्या किती जणांना येळकोट म्हणजे काय ते ठाऊक असेल कोण जाणे. लाईक मोजून तो फोटो तिथवर पोचला असता का? पोचलाही असता कदाचित. पण मग तो जेजुरीचा विजय न राहता लोकसंख्येचा झाला असता.

आता खोटेपणाकडे येऊ. इथे आयोजकांची एक समजूत असते की परीक्षक जाणकार असले की खोटं आपोआप पकडलं जातं. तसं होत नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' ही वन्यजीव छायाचित्रणातली सर्वांत मानाची स्पर्धा. २००९ साली तिथे एका स्पॅनिश छायाचित्रकाराचा, रात्री फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याचा फोटो पहिला आला. जानेवारी २०१० मध्ये तो बाद झाला, कारण तो लांडगा माणसाळलेला, पाळीव असण्याची दाट शक्यता आहे असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला. छायाचित्रकाराने तो शेवटपर्यंत नाकारला. पण संशय प्रथम कुणाला आला? परीक्षकांना नव्हे. जिंकलेला फोटो बघून बाहेरच्यांनी शंका काढली. पुढे २०१७ सालच्या स्पर्धेत ब्राझीलमधला, काजव्यासारख्या चमकणाऱ्या अळ्यांनी उजळलेल्या वारुळाजवळच्या मुंगीखाऊचा फोटो एका विभागात जिंकला. तो मुंगीखाऊ आणि त्याच राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वाराजवळ ठेवलेला पेंढा भरलेला मुंगीखाऊ यांत विलक्षण साम्य आहे, हेही बाहेरूनच कुणीतरी कळवलं. पाच तज्ज्ञांनी दोन्ही फोटो ताडून बघितले आणि एप्रिल २०१८ मध्ये बक्षीस काढून घेतलं गेलं. याही छायाचित्रकाराने आरोप मान्य केला नाही.

लंडनच्या परीक्षकांची ही गत, तर आपल्या ग्रुपवरच्या तिघांकडून काय अपेक्षा करायची? म्हणून निकालाआधी अंतिम फेरीतले दहा-पंधरा फोटो, नावं झाकून, आठवडाभर सगळ्यांसमोर ठेवावेत आणि हरकती मागवाव्यात. आपल्याला ही रीत काही नवीन नाही. एमपीएससी आधी पहिली उत्तरतालिका लावते, हरकती घेते, मग अंतिम लावते. विकास आराखड्यावर हरकती मागवल्या जातात, प्रारूप मतदारयादीवर मागवल्या जातात. हरकत ॲडमिनला खासगीत आणि कारणासह यावी, जाहीर चिखलफेक नको. ज्याच्या फोटोवर हरकत आहे त्याला उत्तर द्यायला दोन दिवस मिळावेत. आठवड्याने निकाल लांबला म्हणून काही बिघडत नाही. उलट 'हा फोटो मी आधी कुठेतरी पाहिलाय' हे वाक्य निकालानंतर खासगीत कुजबुजलं जाण्याऐवजी निकालाआधी, योग्य माणसाकडे पोचतं.

फोटोवर किती 'काम' केलेलं चालेल, हा वाद हल्ली प्रत्येक स्पर्धेत होतो, आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या टोकाने सुरू होतो. किती टक्के बदल, असं लोक मोजू बघतात. 'वर्ल्ड प्रेस फोटो' या बातमीच्या छायाचित्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेने २०१० साली एका युक्रेनियन छायाचित्रकाराचं बक्षीस काढून घेतलं ते प्रकरण इथे उपयोगी आहे. कीवमधल्या रस्त्यावरच्या मारामारीच्या मालिकेतला तो फोटो. मूळ फोटोतला मोठा भाग कापून त्याने पट्टी बांधलेला हात तेवढा ठेवला होता, रंग काढून कृष्णधवल केला होता, दाणेदार केला होता. हे सगळं नियमात बसलं. बाद झाला तो पार्श्वभूमीला बोटांच्या फटीतून डोकावणारा कुणाच्या तरी पावलाचा इवलासा तुकडा पुसल्यामुळे. जे कॅमेऱ्यासमोर होतं ते नाहीसं करायचं नाही आणि नव्हतं ते आणायचं नाही, एवढीच रेघ. ती रेघ मला पटते. उजेड वाढवा, कातरा, रंग काढा. विजेची तार पुसू नका. अर्थात बातमीचे फोटो आणि हौशी ग्रुपची 'पाऊस' स्पर्धा एक नव्हे. तुम्हाला तार पुसलेली चालत असेल तर खुशाल चालवा, पण ते नियमात लिहा. ज्याने तार तशीच ठेवली त्याला निकालानंतर हे कळता कामा नये.

कृत्रिम बुद्धिमत्तेने हा सगळा मामला आणखी अवघड केला. २०२३ मध्ये सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये जर्मन कलावंत बोरिस एल्डाग्सेन यांचं एक चित्र एका विभागात पहिलं आलं, आणि ते यंत्राने घडवलेलं असल्याचं सांगून त्यांनी स्वतःच बक्षीस नाकारलं. पुढच्याच वर्षी उलटा प्रकार झाला. एका स्पर्धेच्या यंत्रनिर्मित चित्रांच्या विभागात माइल्स ॲस्ट्रे या छायाचित्रकाराने मान पोटाशी दुमडून अंग खाजवणाऱ्या, त्यामुळे बिनडोक्याच्या दिसणाऱ्या फ्लेमिंगोचा चक्क खरा फोटो पाठवला. परीक्षकांचं बक्षीसही मिळालं आणि लोकांच्या मतांचंही, मग त्याने खरं सांगितलं आणि तो बाद झाला. दोन्ही बाजूंनी डोळा फसतो, हे एवढ्या चोख रीतीने दुसऱ्या कशाने सिद्ध झालं नसतं. तेव्हा 'बघितल्यावर कळतंच' म्हणणाऱ्या परीक्षकावर विसंबू नये. अंतिम फेरीत आलेल्या प्रत्येकाकडून कॅमेऱ्यातली किंवा फोनमधली मूळ फाइल मागावी, आणि त्याच वेळचे मागचे-पुढचे दोन फोटो मागावेत. खरा फोटो काढणाऱ्याकडे ते जवळजवळ नेहमी असतात. सूर्यास्ताचा एकच फोटो काढून कोण घरी येतं? फाइल ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगावी, कारण फोटो म्हणून पाठवली की तारीख-वेळेची माहिती गळून पडते आणि प्रामाणिक माणूसच संशयात सापडतो.

यातही एक मेख आहे. फोन स्वतःच काय काय करतो हे वापरणाऱ्याला कळत नाही. मार्च २०२३ मध्ये एकाने चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर लावून सॅमसंगच्या फोनने टिपला, तर फोनने मूळ चित्रात नसलेले बारकावे चंद्रावर आणून ठेवले. कोजागिरीला ज्यांनी 'माझ्या मोबाइलवर काढलाय बरं का' म्हणून चंद्र पाठवला, त्यांनी लबाडी केलेली नाही. माझ्या मते अशा फोटोला बाद करू नये. स्पर्धेत चंद्राचा क्लोजअप हा विषयच ठेवू नये.

विषय निवडतानाच अर्धी विषमता ठरते, याकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. 'हिमालय' विषय ठेवला की निम्मे सदस्य घोषणेलाच बाद. 'पक्षी' ठेवला की काही लाखांची लेन्स बाळगणारे मोजके सभासद एकमेकांशी खेळणार आणि बाकीचे टाळ्या वाजवणार. जुलैत 'पाऊस' ठेवला तर दुबईतल्या सदस्याने काय करायचं? घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरात सापडणारे विषय ठेवावेत: सावली, दार, वाट बघणारी माणसं, स्वयंपाकघरातला ओटा. तिथे फोन आणि भारी कॅमेरा यांतलं अंतर पुष्कळ कमी होतं. आणि 'रात्री बारापर्यंत' म्हणजे कुठले बारा तेही लिहावं, न्यू जर्सीत तेव्हा दुपार असते. मुदत एकदा दिली की वाढवू नये. 'लोकाग्रहास्तव मुदतवाढ' हे आपल्याकडचं लाडकं दुखणं आहे. त्यात वेळेत पाठवणाऱ्याचा, आणि वेळेत जमणार नाही म्हणून मुकाट्याने न पाठवणाऱ्याचा, दोघांचाही तोटा होतो.

ग्रुपात नसलेल्यांचाही विचार हवा. वारीच्या फोटो स्पर्धांत चंद्रभागेत स्नान करणाऱ्या बायकांचे फोटो दरवर्षी येतात, आणि 'सहजता', 'भाव' अशा शब्दांत त्यांचं कौतुकही होतं. त्या माउलीला कुणी विचारलं? तिच्या जागी आपली आई असती तर तो फोटो ग्रुपवर टाकला असता का? ओळखू येणाऱ्या माणसाच्या अशा खासगी क्षणाचा फोटो संमतीशिवाय स्वीकारणार नाही, असा सरळ नियम हवा. लहान मुलांचे फोटो पालकांच्या होकाराशिवाय नकोत. पक्ष्यांच्या घरट्यांचे फोटो तर मुळीच नकोत. पावसाळ्यात कोकणातल्या ओढ्याकाठच्या दरडीत तिबोटी खंड्या वीण करतो. इतका देखणा पक्षी की एकाने जागा सांगितली की दहा कॅमेरे बिळाच्या तोंडाशी उभे राहतात, आणि चोचीत पाल धरून आलेली जोडी पिलांपाशी जाऊ न शकता ताटकळत फांदीवर बसून राहते. आपल्या बक्षिसाने ही रांग वाढत असेल तर ते बक्षीस न दिलेलं बरं.

हक्कांचं थोडक्यात. 'पाठवलेल्या फोटोंचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील' ही ओळ एका घोषणेतून दुसरीत नुसती चिकटवली जाते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमानुसार हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी करावे लागतात; मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. पण कायदा राहू द्या. शंभर जणांचे फोटो घ्यायचे, तिघांना बक्षीस द्यायचं आणि सत्त्याण्णव जणांचं काम पुढच्या दिनदर्शिकेला फुकट वापरायचं, याला स्पर्धा म्हणत नाहीत. हक्क काढणाऱ्याचेच राहावेत. ग्रुपला नावासह दाखवायची परवानगी पुरे.

'एवढं सगळं कोण करणार? आम्ही काय पगारी आहोत?' हा आयोजकांचा प्रश्न येणार, आणि तो खराही आहे. हौसेने काम करणाऱ्यांवर ओझं टाकणं मलाही नको वाटतं. पण यातलं बहुतेक काम घोषणेआधी एका संध्याकाळी बसून होतं. निकालानंतर जे मनस्ताप होतात, खुलासे लिहावे लागतात, एखादा जुना सदस्य रुसून जातो, त्यापेक्षा ते स्वस्त. वेळ खरा लागतो तो एकाच ठिकाणी: अंतिम फेरीतल्या प्रत्येक फोटोबद्दल परीक्षकांनी एक वाक्य लिहावं, आणि गळालेल्यांपैकी जो विचारेल त्यालाही. 'सुंदर प्रयत्न' नको. 'विषय पाऊस होता, फोटोत छत्री दिसते पण पाऊस दिसत नाही' असं हवं. या एका वाक्यासाठी लोक पुढच्या वर्षी पुन्हा पाठवतात.

निकालानंतर खोटेपणा उघड झाला तर काय, हेही घोषणेतच लिहून टाकावं. लंडनच्या त्या लांडग्याचा मान काढून घेतल्यावर तो दुसऱ्या कुणाला दिला गेला नाही. त्या वर्षीची पहिली जागा रिकामीच राहिली. आपल्या स्पर्धेत परीक्षकांचा क्रम कागदावर असेल तर दुसऱ्याला पहिला करायला अडचण नसावी. फक्त ते खासगीत फोन करून उरकू नये. ज्या पोस्टमध्ये पहिला निकाल लावला त्याच पोस्टमध्ये, कारणासह, दुरुस्ती लावावी.